प्रकाशाला मागे टाकलं तो उन्हाळा

ज्या उन्हाळ्यात मी प्रकाशाला मागे टाकलं, त्या उन्हाळ्यात भालेराव काकांच्या घरचा कूलर बिघडला होता. म्हणजे पंखा फिरायचा, पण पाण्याचा पंप चालायचा नाही. त्यामुळे फरीदाबादची गरम हवा होती तशीच, फक्त जास्त आवाज करत घरात यायची. काकू तासाभराने उठून कूलरच्या जाळीवर मगाने पाणी मारायच्या. मग पाच मिनिटं बरं वाटायचं आणि त्या पाच मिनिटांत माझं गणित दोन-तीन ओळी पुढे सरकायचं. जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडाला माझे कोपर चिकटायचे, घामाने शाई पसरायची, कारखान्याचा भोंगा झाला की काकू म्हणायच्या, "आवर रे आता, ताटं घ्यायचीत." मी विश्व आवरून घ्यायचो आणि ताटं मांडायचो.

भालेराव काका म्हणजे माझ्या वडिलांचे शाळेतले बाकमित्र. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात ते वजनकाटे आणि मापं तपासायच्या कामावर होते. गावाकडून शिकायला आलेल्या मुलाला सोय होईपर्यंत पंधरा दिवस घरी ठेवून घ्यायचं, अशी तिकडच्या मराठी घरांची रीत होती. माझे पंधरा दिवस दोन वर्षं चालले. त्याबद्दल त्या घरात कोणी कधी चकार शब्द काढला नाही, फक्त दर दिवाळीला काका गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "काय माधव, मिळाली का खोली?" आणि काकू त्यांच्याकडे डोळे वटारून बघायच्या.

काकू राजम्यात गोडा मसाला घालायच्या. पंजाबी शेजारणींना त्याचं फार कौतुक होतं, मला मात्र पहिल्या दिवशी रडू आलं होतं, कारण वास आईच्या आमटीचा आणि ताटात दिसतंय भलतंच. भालेराव ख्रिस्ती. रविवारी सकाळी तिघं उपासनेला जायची आणि गणपतीचे दहा दिवस मंडळाचा माइक काकांच्या ताब्यात असायचा. दुसऱ्या कोणी माइकला हात लावला की तो शिट्टी मारतो, अशी मंडळात श्रद्धा होती. त्यांची मुलगी रूथ नववीत होती. तिला मराठी समजायचं सगळं, पण बोलताना मध्येच शब्द संपायचे. "दादा, तुमचं ते फॉर्म्युला खिडकीतून उडून गेलं, मी पकडलं. यार, थँक यू तो बोलो." अशी तिची भाषा. आज ती दुसऱ्या देशात असते आणि फोनवर माझ्याशी माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलते. दूर गेल्यावर शब्द परत येतात की काय कोण जाणे.

मी दिल्लीच्या विद्यापीठात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. वडील, म्हणजे अण्णा, तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई. सुट्टीत गावी जाणारच होतो, पण शेवटच्या तासाला मॅडमनी एक गणित घातलं आणि मी तिकीट परत केलं.

मॅडम लखनौकडच्या. बोलणं मऊ, मार्क कडक. त्या आम्हाला सापेक्षता शिकवायच्या आणि दर वर्षी वर्गातून एकच विद्यार्थी संशोधनाला घ्यायच्या. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की मी त्यांच्यासमोर कधी शिंकलोही नाही. त्या दिवशी त्या म्हणाल्या, प्रकाशापेक्षा वेगात कुठलीही वस्तू जाऊ शकत नाही हे तुम्हाला पाठ आहे. वेग वाढवत नेला की ती आणखी ढकलायला लागणारी ऊर्जा वाढत जाते, आणि प्रकाशाच्या वेगापाशी ती अमर्याद होते. कितीही इंधन आणा, पुरत नाही. पण हा नियम आहे अवकाशातून पळणाऱ्याला. खुद्द अवकाशाला तो लागू नाही. अवकाश हवं तेवढ्या वेगाने आकसू शकतं, पसरू शकतं. मग यानाभोवती असा एक बुडबुडा केला, की त्याच्या पुढचं अवकाश आकसेल आणि मागचं पसरेल, तर? यान बुडबुड्यात जागच्या जागी बसलेलं, आणि बुडबुडा प्रकाशाच्या पुढे. त्यांनी फळ्यावर त्या बुडबुड्याच्या समीकरणाची एक ओळ लिहिली आणि म्हणाल्या, "यह बनाने के लिए कैसा पदार्थ चाहिए, निकालो. इसमें एक पेच है. छुट्टियों में ढूँढो. किताब मत देखना."

घरी येऊन मी हे सगळं काकूंना समजावलं. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि हॉलमधली सतरंजी दाखवून म्हणाल्या, "म्हणजे मुंगीने पळायचं नाही. मुंगीच्या पुढची सतरंजी गोळा करायची, मागची सोडत जायची." मी म्हटलं, अगदी बरोबर. "मग सतरंजी ओढणार कोण?" असं विचारून त्या कणीक मळायला गेल्या. चाळीस पानांचं गणित करून मला जो प्रश्न पडायला हवा होता तो काकूंना परातीत पीठ घेता घेता पडला होता. पण मी त्या वेळी प्रश्न विचारणाऱ्यांकडे जरा दयेने बघायच्या वयात होतो.

चाळीस पानं खरोखर झाली. सव्वा महिना लागला. आणि एका दुपारी शेवटच्या ओळीत उत्तर आलं: बुडबुड्याला लागणाऱ्या ऊर्जेची घनता. तिच्यापुढे मायनस होता.

इथे खंदारे सरांबद्दल सांगायला हवं. तालुक्याच्या कॉलेजात मला भौतिकशास्त्र त्यांनी शिकवलं. दिल्लीचा फॉर्म त्यांनी आणला, त्यांनी भरला, पोस्टात टाकायला स्वतः जिल्ह्याला गेले, आणि निघताना स्वतःची इंग्रजी पुस्तकं माझ्या पिशवीत कोंबली. सर नसते तर मी अण्णांच्या मागे प्रयोगशाळेतल्या काचा पुसत असतो. तर खंदारे सरांचा एक नियम होता. वस्तुमान, घनता, लांबी, वेळ, ह्या चौघांना मायनस नसतो. उत्तरात आला तर तुमची चूक आहे. ती शोधा. दोनदा शोधून सापडली नाही तर वेळ घालवू नका, चिन्ह काढा आणि पुढचा प्रश्न घ्या. ह्या नियमावर आमच्या कॉलेजची पोरं वर्षानुवर्षं पास होत आली होती. मीही.

मी दोनदा शोधलं. सापडली नाही. मग आमच्याकडच्या पद्धतीने ब्लेडचं अर्धं पातं घेतलं, शाईचा मायनस हलक्या हाताने खरवडला, नखाने कागद गुळगुळीत केला. आता घनता अधिक होती, म्हणजे साध्या पदार्थाची, दगडाची, लोखंडाची असते तशी. म्हणजे बुडबुडा साध्या पदार्थाने करता येत होता. मॅडम म्हणाल्या होत्या, पेच आहे, शोधा. मला पेच सापडला नव्हता, म्हणून मी असा निष्कर्ष काढला की पेच नाहीच. मॅडमची चूक झाली होती. मला त्यांच्याबद्दल वाईटही वाटलं.

पुढचे काही आठवडे मी कसा वागलो ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात. मॅडम परदेशी गेल्या होत्या, सप्टेंबरात येणार होत्या. त्यांना दाखवेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं आणि त्याच संध्याकाळी काकांना सांगितलं. एकदा कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथीगृहात काकांबरोबर थालीपीठ खायला गेलो होतो. रस्त्याच्या नावाची पाटी मी दोनदा वाचली. माझ्या नावाचा रस्ता मी मनात आखून ठेवला. नम्रपणे, छोटासाच, फरीदाबादेत, काकांच्या घराच्या मागच्या गल्लीत. रूथला मी सही कशी करावी ते विचारलं होतं. "दादा, पहले कुछ आविष्कार तो छप जाने दो," असं ती म्हणाली, आणि मग दया येऊन तिने मला तीन प्रकारच्या सह्या काढून दाखवल्या.

काकांनी मंडळाचे सचिव दामले ह्यांना सांगितलं. दामले साहेब उत्साही गृहस्थ. गणेशोत्सवातलं रविवारचं व्याख्यान कोणाचं ठेवावं ह्या विवंचनेत ते होतेच. त्यांनी कापडी फलक रंगवून घेतला: 'प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास: एका मराठी तरुणाचा शोध'. मी चाचरत म्हणालो, शोधाच्या आधी 'संभाव्य' घालता का? दामले म्हणाले, "कापडावर जागा नाही." त्यांनी एवढ्यावर न थांबता अण्णांना परस्पर पत्र घातलं, की चिरंजीवांचा सत्कार आहे, अवश्य यावे. अण्णांनी ते पत्र खंदारे सरांना वाचायला दिलं. सरांनी रजा टाकली आणि दोघांची तिकिटं काढली. जन्मात तालुक्याबाहेर फारसे न गेलेले अण्णा आणि माझे सर मला ऐकायला दिल्लीला निघाले.

ते गाडीत बसले त्या शुक्रवारीच मॅडम रुजू झाल्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. त्यांनी चाळीस पानं एका बैठकीत वाचली. मी उभा. मध्येमध्ये त्यांची मान हलायची, कौतुकाने. शेवटच्या पानावर त्या थांबल्या. पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. खरवडलेला कागद उजेडात कसा दिसतो हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. तिथे एक छोटी आडवी खिडकी असते.

"यहाँ माइनस था?"

"जी मैम."

"क्यों हटाया?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, सरांनी शिकवलं म्हणून. पण सर त्या वेळी भुसावळच्या आसपास कुठेतरी असतील, मांडीवर डबा घेऊन. मी म्हणालो, "जल्दी में गलती हो गई, मैम."

"जल्दी में कोई इतनी सफ़ाई से नहीं खुरचता," मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच जास्त वाईट होतं. "बेटा, यही तो पेच था. यह माइनस. तुम पूरी क्लास में अकेले हो जो यहाँ तक पहुँचे. तुमने पकड़ा और फेंक दिया. जो आदमी अपना सही जवाब मिटा दे, उसे मैं रिसर्च में कैसे लूँ? सोमवार को आओ. असली वजह लेकर आना."

शटल गाडीने मी फरीदाबादला कसा आलो ते आठवत नाही. खरं कारण सांगितलं तर जागा मिळण्याची आशा होती. पण खरं कारण माझ्या घरी यायला निघालं होतं.

शनिवारी सकाळी स्टेशनवर ते उतरले. अण्णांनी धुवट टोपी घातली होती आणि डोक्यावर ज्वारीच्या पिठाचं पोतं. सर सफारी सूटमध्ये. सरांनी मला जवळ घेतलं, आणि त्यांच्या अंगाला खडूचा वास येत होता, सुट्टी असूनही. घरी आल्यावर काकूंनी पोत्याचं तोंड उघडून पीठ हातात घेतलं आणि बराच वेळ नुसतं चोळत राहिल्या. फरीदाबादेत तेव्हा चांगली ज्वारी मिळायची नाही. दुपारी त्यांनी भाकऱ्या थापल्या, तर बाजूच्या घरातली बाई आवाजाने बघायला आली की काय चाललंय. शेंगदाण्याची चटणी, पिठलं, कांदा. सगळ्यांनी इतकं खाल्लं की बोलायची सोय राहिली नाही, आणि मला ते बरंच होतं.

पण सरांनी हात धुता धुता विचारलंच. "काय रे, चाळीस पानं म्हणे? दाखव की."

"उद्या सर. एकदम उद्याच."

"सस्पेन्स ठेवतोय," अण्णा कौतुकाने म्हणाले.

संध्याकाळी काका गच्चीवर माइकच्या वायरी उन्हात तपासत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. मायनस, मॅडम, सोमवार. काका वायर गुंडाळत राहिले.

"सभागृहात कुणाला कळणार आहे मायनस?" मी म्हटलं. "व्याख्यान देऊन टाकतो. नंतर बघू."

"कुणाला नाही कळणार," काका म्हणाले. "मलाही नाही. पण मी काटे तपासतो माधव. काटा चुकीचा निघाला की शिक्का मारता येत नाही. दुकानदार ओळखीचा असला, चहा पाजत असला, तरी नाही. फक्त सांगताना त्याच्या तोंडाकडे बघवत नाही, एवढंच." मग हॅलो, चेक, वन टू थ्री करून म्हणाले, "मी माइक देईन. बोलायचं ते तुझं तू बघ."

रविवारी सेक्टरच्या सामुदायिक भवनात सत्तर-ऐंशी माणसं होती. आरती झाली, लहान मुलींचा नाच झाला, त्यात एकीचा फेटा सुटला आणि ती तो हातात धरून तशीच नाचली, तिला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या. मग मी उभा राहिलो. डोक्यावर तो फलक. पहिल्या रांगेत अण्णा, शेजारी सर, सरांच्या मांडीवर माझ्या व्याख्यानाची टिपणं घ्यायला आणलेली वही.

बुडबुड्यापर्यंत सगळं ठीक झालं. काकूंची सतरंजी मी बरोबर नेली होती. रूथने तिच्यावर स्वतःची चप्पल यान म्हणून ठेवली आणि सतरंजी ओढून दाखवली. लोक हसले, त्यांना कळलं. मग मी म्हणालो, पण असा बुडबुडा करता येतो असा जो मी शोध लावला होता, तो चुकला आहे. एक मायनस माझ्याकडून घाईत गळला. बुडबुड्याला जो पदार्थ लागतो तो जगात दगड-लोखंडासारखा मिळत नाही. मी सर्वांची माफी मागतो.

सभागृहात कोणीतरी खोकलं. दामले साहेब दुसरा माइक घेऊन उठले. त्यांची अडचण मला आज कळते. शाल आणली होती, नारळ आणला होता, फलक टांगला होता. त्यांनी हसत हसत बाजू सावरायचा प्रयत्न केला. "तर मंडळी, मुलांनो, ह्यातून आपण काय शिकायचं? एक मायनस! एवढ्याशा निष्काळजीपणाने किती मोठं..."

"तसं न्हाई हो साहेब."

अण्णा उभे होते. माझ्या वडिलांना मी त्या दिवसापर्यंत चार माणसांत उभं राहून बोलताना पाहिलं नव्हतं. हातात टोपी. "माफ करा. पण पोरगं निष्काळजी न्हाई माझं. घाई बी करत न्हाई. त्यानं जसं शिकवलंय तसंच केलंय. घनतेला मायनस नसतो. बावीस वर्सं मी ऐकतोय दाराशी उभा ऱ्हाऊन. वस्तुमान, घनता, लांबी, वेळ. ह्या चौघांना मायनस न्हाई. आला तर खोडायचा." आणि अभिमानाने, साक्ष काढावी तसं, ते शेजारी वळले. "हाय का न्हाई सर?"

काकांच्या माइकने त्या क्षणी शिट्टी मारली. मी सतरंजीकडे बघत होतो. अण्णांचा चेहरा मी नंतर पाहिला. आपण काय बोललो ते त्यांना हळूहळू उमगत होतं, आणि त्यांनी टोपी घट्ट धरली होती. सर त्यांचे साहेब होते. सोमवारनंतर पुन्हा त्याच प्रयोगशाळेत त्यांना सरांसाठी पाण्याचा तांब्या भरायचा होता.

सर सावकाश उठले. "आहे," ते म्हणाले. काकांनी जाऊन त्यांच्या हातात माइक दिला. "मीच शिकवतो तसं. आमची मुलं पहिल्या पिढीची. उत्तरात मायनस दिसला की घाबरतात, वाटतं सगळंच चुकलं, मग पुढचे सोपे प्रश्नही सोडून बसून राहतात. म्हणून मी तो नियम केला. पास होण्यासाठी केला होता. कुणी त्याच्यापुढे जाईल असं मला..." इथे ते थांबले. मग एकदम वर्गातल्या आवाजात म्हणाले, "माधव. घनतेला मायनस म्हणजे काय? मला सांग. मला येत नाही ते."

मला तरी कुठे धड येत होतं! मी म्हटलं, सर, एक पेटी घ्या. सगळं काढून टाका. हवा, उजेड, सगळं. ती शून्य. आता त्यातूनही थोडं काढून घ्या. "रिकाम्या पेटीतून काय काढणार?" सर म्हणाले, आणि सभागृह हसलं. मी म्हटलं, तोच पेच आहे. धातूचे दोन पत्रे अगदी जवळ, चिकटायच्या बेताला आणले, तर मधल्या जागेत रिकाम्यापेक्षाही कमी असं काहीतरी सापडतं, पण नखाएवढंही नाही. आणि बुडबुड्याला ते सूर्याच्या मापाने लागेल, माझ्या गणिताप्रमाणे त्याहूनही कितीतरी जास्त. शिवाय प्रकाशाच्या पुढे गेलेला माणूस काही प्रसंगी निघायच्या आधीच पोचू शकतो, असा एक गोंधळ आहेच. सर लिहून घेत होते. दामल्यांनी विचारलं, "मग थोडक्यात, जाता येईल की नाही?" मी म्हटलं, आज तरी नाही, आणि उद्याचं मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्यांनी मला शाल घातली. नारळ दिला. फलकाचा फोटो काढताना मात्र मला थोडं बाजूला उभं केलं.

आता इतक्या वर्षांनी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी बातमी टाकतं, की प्रकाशाच्या पुढे जाणारं यान जमलं. अलीकडे काहींनी साध्या पदार्थावर चालेल असा बुडबुडा कागदावर मांडलाही आहे, पण तो प्रकाशाच्या मागेच राहतो. मी बातमी उघडतो, आधी चिन्ह बघतो, आणि मग चहा प्यायला घेतो. पण रूथने ओढलेली ती सतरंजी मला आजही सुंदर वाटते. कल्पना चुकीची नव्हती. सतरंजी ओढणारा हात तेवढा कोणाकडे नाही.

घरी परत येताना सर पुढे एकटे चालत होते. अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "माझं लई चुकलं का रं?" मी उत्तर द्यायच्या आत सर मागे वळले. "तुझं काही चुकलं नाही सखाराम. ह्याचं चुकलं." माझ्याकडे बोट. "घाईत गळला म्हणे. मला वाचवतोस होय रे? खोटं उत्तर लिहिलंस तर मी शून्य देतो, विसरलास?" मी म्हटलं, सर, उद्या मॅडमकडे... "मला सांगितलंय भालेरावांनी. उद्या मीही येतो."

सोमवारी आम्ही तिघं विद्यापीठात गेलो. मी वाटेत खरं कारण हिंदीत जुळवत होतो. त्यात सरांचं नाव येणार नाही अशी एक सुरेख वाक्यरचना मी केली होती, आणि तीही आता काही उपयोगाची राहिली नव्हती. मॅडमच्या खोलीचं दार उघडलं. मी तोंड उघडणार, तोच सर माझ्या पुढे जाऊन त्यांच्या मराठी हिंदीत म्हणाले, "नमस्कार मैडम. मैं इसका गाँव का सर. वो माइनस इसने नहीं, मैंने निकाला है. बहुत साल से निकालता हूँ. अभी मुझे समझना है कि वो क्यों नहीं निकालने का."

मॅडम उठल्या. त्यांनी समोरच्या खुर्चीवरचे कागद उचलले आणि म्हणाल्या, "बैठिए." आणि मला, "तुम बाहर."

मी आणि अण्णा बाहेर बाकावर बसलो. एक तास झाला. आतून खडूचा आवाज यायचा, मॅडमचा मऊ आवाज, मध्येच सरांचा मोठा: "नहीं नहीं मैडम, एक मिनट, वापस!" एकदा दोघं हसली. अण्णांनी डब्यातली भाकरी काढली, मी नको म्हटलं, मग खाल्ली. शुक्रवारपासून मला सोमवारची भीती होती, आणि सोमवार माझ्याशिवायच चालला होता. दुसरा तास झाला. माझ्या संशोधनाचं, माझ्या आयुष्याचं काय ते आज ठरणार होतं, आणि आत कोणाला माझी आठवणही नव्हती.

शेवटी दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या, हात खडूने पांढरे, कँटीनच्या माणसाला शोधत. त्यांची नजर माझ्यावर पडली.

"अरे, तुम अभी तक यहीं हो? जाओ, कल सुबह नौ बजे आना, काम शुरू करेंगे." मग दोन पावलं पुढे जाऊन त्या परत वळल्या. "और सुनो, तुम्हारे सर चाय में चीनी कितनी लेते हैं?"

मी उभा राहून म्हणालो, "तीन चम्मच, मैम."